लॉगमध्ये नोंदच येत नाही? लिनक्सवर सिसलॉग उभारण्याची आणि दुरुस्त करण्याची वाट

लिनक्सच्या लॉगिंगमध्ये नवख्या माणसाला सगळ्यात आधी गोंधळात टाकते ती गोष्ट म्हणजे एकाच मशीनवर दोन सेवा तेच काम करताना दिसतात. एक जर्नलडी, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टिमडी या यंत्रणेचा भाग; दुसरी आरसिसलॉग, सिसलॉग या जुन्या पद्धतीने नोंदी लिहिणारी. कुणी सांगतं 'जर्नलसीटीएल चालवा', कुणी सांगतं '/व्हार/लॉग/सिसलॉग उघडा', आणि एखाद्या मशीनवर ती फाइलच सापडत नाही. मग माणूस घाईने काहीतरी इन्स्टॉल करतो, काहीतरी रीस्टार्ट करतो, नोंदी पुन्हा यायला लागतात आणि आधी का येत नव्हत्या हे कधीच कळत नाही.

माझं ठाम मत असं की लॉगिंग शिकताना आज्ञा पाठ करायच्या मागे लागू नये. एक नोंद प्रोग्रॅममधून निघून फाइलपर्यंत कोणत्या वाटेने जाते ते आधी डोक्यात पक्कं बसवावं. ती वाट कळली की बिघाडाच्या वेळी एवढंच शोधायचं उरतं की नोंद कुठल्या टप्प्यापर्यंत पोहोचली आणि कुठून पुढे गेली नाही. हा लेख त्याच क्रमाने आहे. उदाहरणाला उबंटू २४.०४ सर्व्हर घेतला आहे. डेबियन आणि रेड हॅट घराण्यात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

एक सूचना. इथल्या आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते सगळं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं. वेगळं सांगितलं नसेल तिथे अक्षरं लहान. 'जर्नल', 'लॉग', 'स्टेटस' अशा शब्दांचं स्पेलिंग नेहमीचं इंग्रजीच. 'सीटीएल', 'ईटीसी', 'एसएस' ही सुटी अक्षरं जोडून लिहायची. 'सिसलॉग'मधला 'सिस' म्हणजे एस-वाय-एस, 'व्हार' म्हणजे व्ही-ए-आर, 'डेव्ह' म्हणजे डी-ई-व्ही, 'कॉन्फ' म्हणजे सी-ओ-एन-एफ.

नोंद कुठून कुठे जाते

सिसलॉग १९८० च्या दशकातला. एरिक ऑलमन यांनी बर्कलीला सेंडमेल या मेल सर्व्हरच्या कामासाठी तो लिहिला आणि पुढे इतर प्रोग्रॅमही तोच वापरू लागले. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी दिसणारा आरसिसलॉग रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये सुरू केला. जर्नलडी त्या मानाने नवा, २०११ मध्ये जाहीर झालेला.

आता उबंटूवरची वाट पाहू. एखाद्या प्रोग्रॅमला काही नोंदवायचं असतं तेव्हा तो ते /डेव्ह/लॉग या सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांना मजकूर देण्याच्या जागेवर, टाकतो. पूर्वी या सॉकेटवर सिसलॉग सेवा स्वतः बसलेली असायची. आता ती जागा जर्नलडीकडे आहे. सिस्टिमडीने सुरू केलेली कुठलीही सेवा स्क्रीनवर छापायचा जो मजकूर बाहेर टाकते, तोही जर्नलडीच टिपतो. म्हणजे जर्नलडी हा पहिला टप्पा. तो नोंद स्वतःच्या बायनरी फाइलींत (त्या जर्नलसीटीएल या आज्ञेने वाचायच्या) ठेवतो आणि तिची एक प्रत /रन/सिस्टिमडी/जर्नल/सिसलॉग या दुसऱ्या सॉकेटवर पुढे देतो. तिथून आरसिसलॉग ती उचलतो, आपले नियम लावतो आणि /व्हार/लॉग मधल्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितो. कर्नलच्या नोंदी मात्र आरसिसलॉग थेटही वाचतो.

रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर मधला दुवा वेगळा आहे. तिथे जर्नलडी प्रत पुढे देत नाही. आरसिसलॉग 'आयएमजर्नल' नावाच्या मॉड्यूलने जर्नलच्या फाइली वाचतो. फाइलींची नावंही वेगळी: सर्वसाधारण नोंदी /व्हार/लॉग/मेसेजेस मध्ये, लॉगिनच्या नोंदी /व्हार/लॉग/सिक्युअर मध्ये. उबंटूवर याच नोंदी अनुक्रमे सिसलॉग आणि ऑथ.लॉग या फाइलींत मिळतात. डेबियनने तर २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग आपोआप बसवणंच थांबवलं. नव्या डेबियनवर /व्हार/लॉग/सिसलॉग दिसली नाही तर घाबरायचं कारण नाही, मशीन ठीक आहे.

मग आरसिसलॉग हवाच का? तुमचा एकच लॅपटॉप किंवा एकच छोटा सर्व्हर असेल तर खरंच नको, जर्नलडी पुरेसा आहे. पण दोनपेक्षा जास्त मशीनच्या नोंदी एका जागी हव्या असतील, किंवा राउटर, स्विच, फायरवॉल अशी उपकरणं असतील ज्यांना फक्त सिसलॉगची भाषा येते, तर आरसिसलॉगला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

नोंदीवरचा पत्ता

प्रत्येक सिसलॉग नोंदीवर पाकिटावरच्या पिनकोडसारखे दोन आकडे असतात. पहिला विभाग, म्हणजे नोंद कुणाकडून आली: कर्न, मेल, डेमन, ऑथ, क्रॉन वगैरे. आपल्या स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी लोकल० ते लोकल७ असे आठ विभाग मोकळे ठेवलेले आहेत. दुसरा आकडा गांभीर्याचा, ० ते ७. शून्य म्हणजे 'इमर्ज', मशीन वापरण्यालायक राहिलेलं नाही. मग अलर्ट, क्रिट, ईआरआर, वॉर्निंग, नोटिस, इन्फो आणि शेवटी ७ म्हणजे डीबग. आकडा जितका लहान तितकी बाब गंभीर. हे उलटं वाटतं आणि सुरुवातीला हमखास चुकतं.

नेटवर्कवरून जाताना हे दोन्ही एकाच संख्येत बसवतात: विभागाला ८ ने गुणायचं आणि गांभीर्य मिळवायचं. पॅकेट पकडल्यावर सुरुवातीला <३४> दिसलं तर ४ × ८ + २, म्हणजे ऑथ विभागाची क्रिट दर्जाची नोंद. हे गणित पुढे दूरची मशीन तपासताना कामाला येतं.

आरसिसलॉगचे नियम याच पत्त्यावर चालतात. उबंटूवर /ईटीसी/आरसिसलॉग.डी/५०-डीफॉल्ट.कॉन्फ उघडा. त्यात पुढच्यासारख्या दोन ओळी दिसतील:

ऑथ,ऑथप्रिव्ह.* /व्हार/लॉग/ऑथ.लॉग
*.*;ऑथ,ऑथप्रिव्ह.नन -/व्हार/लॉग/सिसलॉग

पहिलीचा अर्थ सरळ आहे. दुसरी म्हणते की सगळं सिसलॉग फाइलीत टाक, फक्त ऑथ आणि ऑथप्रिव्ह वगळ. फाइलीच्या नावाआधीचं उणे चिन्ह म्हणजे प्रत्येक नोंदीनंतर डिस्कवर पक्कं लिहायची घाई करू नकोस. जुन्या सिसलॉगमध्ये त्याने वेग वाढायचा; आरसिसलॉग मुळातच तशी घाई करत नाही. आणि 'मेल.ईआरआर' असं लिहिलं तर त्यात ईआरआर आणि त्याहून गंभीर सगळं येतं. केवळ तोच एक दर्जा हवा असेल तर टिंबानंतर बरोबरचं चिन्ह द्यावं लागतं.

उभारणी

आधी काय चालू आहे ते पाहा:

सिस्टिमसीटीएल स्टेटस सिस्टिमडी-जर्नलडी
सिस्टिमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग

दुसऱ्या आज्ञेला 'युनिट सापडलं नाही' असं उत्तर आलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल आरसिसलॉग'; रेड हॅट घराण्यात एपीटीच्या जागी डीएनएफ.

पुढचं काम जर्नल टिकाऊ करण्याचं, आणि हे टाळू नका. मशीन कोसळून पुन्हा सुरू झालं की आपल्याला कोसळण्याआधीच्या नोंदी हव्या असतात. जर्नल जर /रन मध्ये, म्हणजे मेमरीत असेल, तर नेमक्या त्याच नोंदी गेलेल्या असतात. जर्नलडीची मूळ सेटिंग 'स्टोरेज=ऑटो' (एस कॅपिटल) अशी असते. तिचा अर्थ /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी असेल तर डिस्कवर लिही, नसेल तर मेमरीत. उबंटूवर ती आधीच असते, रेड हॅटवर बहुधा नसते. नसेल तर:

सुडो एमकेडीआयआर -पी /व्हार/लॉग/जर्नल
सुडो सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स --क्रिएट --प्रीफिक्स /व्हार/लॉग/जर्नल
सुडो जर्नलसीटीएल --फ्लश

इथे 'टीएमपीफाइल्स' एकच शब्द. मधली ओळ डिरेक्टरीचे हक्क नीट लावते. ती गाळली तर साध्या युजरला जर्नल वाचता येत नाही. मशीन एकदा रीबूट करून 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' चालवा. एकाहून जास्त ओळी आल्या म्हणजे काम झालं. 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मागच्या बूटच्या नोंदी मिळतात.

जर्नल डिस्क खाऊन टाकेल अशी भीती अनेकांना वाटते. मूळ मर्यादा त्या फाइल सिस्टिमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी अशी असते. लहान व्हर्च्युअल मशीनवर तीही जड वाटली तर /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये 'सिस्टिममॅक्सयूज=५००एम' लिहा. त्यात सिस्टिमचा एस, मॅक्सचा एम, यूजचा यू आणि शेवटचा एम कॅपिटल. मग जर्नलडी रीस्टार्ट करा. सध्या किती जागा गेली ते 'जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज' सांगते.

आता स्वतःचा नियम. समजा 'हिशोब' नावाचा तुमचा प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या नोंदी वेगळ्या फाइलीत हव्या आहेत. प्रोग्रॅमला लोकल३ विभाग द्या आणि /ईटीसी/आरसिसलॉग.डी/३०-हिशोब.कॉन्फ अशी फाइल करा:

लोकल३.* /व्हार/लॉग/हिशोब.लॉग
& स्टॉप

दुसरी ओळ म्हणते, ही नोंद इथेच थांबव, पुढे सिसलॉग फाइलीत नेऊ नको. फाइलीच्या नावातला ३० मुद्दाम आहे. या डिरेक्टरीतल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. तुम्ही ६० दिलात तर ५०-डीफॉल्टने ती नोंद आधीच सिसलॉगमध्ये टाकलेली असेल आणि तुमच्या 'स्टॉप'ला काही अर्थ उरणार नाही.

रीस्टार्टच्या आधी नेहमी तपासणी:

सुडो आरसिसलॉगडी -एन१

हा एन कॅपिटल. चूक असेल तर फाइल आणि ओळ दोन्ही दाखवते. ठीक असेल तर 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग' आणि लगेच चाचणी:

लॉगर -पी लोकल३.नोटिस -टी हिशोब "पहिली चाचणी"
सुडो टेल /व्हार/लॉग/हिशोब.लॉग

लॉगर ही आज्ञा नीट ओळखीची करून घ्या. खऱ्या प्रोग्रॅममध्ये काही घडेपर्यंत वाट बघत बसायची गरज नाही; हव्या त्या पत्त्याची नोंद आपणच सोडायची आणि ती कुठपर्यंत जाते ते पाहायचं. दुरुस्तीचं निम्मं काम या एका आज्ञेवर होतं.

नोंदी एका जागी आणणं

चोर घरात शिरला तर तो लॉगच आधी पुसतो. म्हणून नोंदींची प्रत दुसऱ्या मशीनवर असणं ही सोय तर आहेच, सुरक्षाही आहे. समजा लॉग सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. त्याच्यावर /ईटीसी/आरसिसलॉग.डी/१०-रिमोट.कॉन्फ:

मॉड्यूल(लोड="आयएमटीसीपी")
टेम्प्लेट(नेम="रिमोटफाइल" टाइप="स्ट्रिंग" स्ट्रिंग="/व्हार/लॉग/रिमोट/%फ्रॉमहोस्ट-आयपी%/सिसलॉग.लॉग")
रूलसेट(नेम="रिमोट") { अ‍ॅक्शन(टाइप="ओएमफाइल" डायनाफाइल="रिमोटफाइल") }
इनपुट(टाइप="आयएमटीसीपी" पोर्ट="५१४" रूलसेट="रिमोट")

वेगळा रूलसेट, म्हणजे नियमांचा संच, केल्यामुळे बाहेरून आलेल्या नोंदी सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींत मिसळत नाहीत. डिरेक्टरीच्या नावासाठी होस्टनेम न घेता पाठवणाऱ्याचा आयपी घेतला आहे, कारण होस्टनेम नोंदीतच लिहिलेलं असतं आणि पाठवणारा त्यात काहीही लिहू शकतो. उबंटूवर आरसिसलॉग सुरू झाल्यावर 'सिसलॉग' नावाच्या साध्या युजरचे हक्क घेतो, म्हणून /व्हार/लॉग/रिमोट डिरेक्टरी आधी करून तिची मालकी 'सीहाउन'ने सिसलॉग:एडीएम अशी द्या. या आज्ञेचं स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. फायरवॉलमध्ये फक्त आपल्या नेटवर्कला वाट द्या:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ५१४ प्रोटो टीसीपी

हा पोर्ट सगळ्या इंटरनेटला उघडा ठेवू नका. कुणीही खोट्या नोंदी ओतून तुमची डिस्क भरून टाकेल.

नोंदी पाठवणाऱ्या मशीनवर '*.* @@१९२.१६८.१.१०:५१४' अशी एक ओळ पुरते, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. एक @ म्हणजे यूडीपी (पोहोचल्याची खात्री न करता पाठवणं), दोन म्हणजे टीसीपी (आधी जोडणी करून पाठवणं). चाचणीसाठी ती ओळ ठीक आहे. रोजच्या वापराला मी ती देणार नाही, कारण लॉग सर्व्हर बंद असेल त्या काळातल्या नोंदी मग कायमच्या जातात. त्याऐवजी:

*.* अ‍ॅक्शन(टाइप="ओएमएफडब्ल्यूडी" टार्गेट="१९२.१६८.१.१०" पोर्ट="५१४" प्रोटोकॉल="टीसीपी" अ‍ॅक्शन.रिझ्यूमरीट्रायकाउंट="-१" क्यू.टाइप="लिंक्डलिस्ट" क्यू.फाइलनेम="लॉगसर्व्हर" क्यू.मॅक्सडिस्कस्पेस="१जी" क्यू.सेव्हऑनशटडाउन="ऑन")

'क्यू' म्हणजे रांग, स्पेलिंग रांगेच्या इंग्रजी शब्दाचंच. सर्व्हर मिळाला नाही तर नोंदी आधी मेमरीत आणि मग डिस्कवर साठतात, सर्व्हर परतला की निघतात. उणे १ म्हणजे प्रयत्न कधीच सोडू नकोस. हे दोन भाग बरोबरच द्यायचे. नुसतं उणे १ दिलं आणि स्वतंत्र रांग दिली नाही, तर दूरची वाट अडली की मुख्य रांग तुंबते आणि स्थानिक फाइलींत लिहिणंही थांबतं. लॉग सर्व्हर बंद पडला म्हणून वेब सर्व्हर अडकला, अशी विचित्र तक्रार येते तेव्हा आधी हेच तपासावं.

हे सगळं नेटवर्कवरून उघड्या मजकुरात जातं. एकाच बंद नेटवर्कमध्ये ते चालवून घेता येतं. शहरं ओलांडून किंवा क्लाउडमध्ये नोंदी न्यायच्या असतील तर टीएलएस, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून पाठवणं, हवंच; त्यासाठी आरसिसलॉग-जीएनयूटीएलएस हे पॅकेज आहे आणि ठरलेला पोर्ट ६५१४. एकही नोंद गमावून चालणार नसेल तर आरईएलपी हा प्रोटोकॉल पाहा. साध्या टीसीपीतही जोडणी तुटण्याच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी हरवू शकतात. आरईएलपीमध्ये पलीकडून पोच येईपर्यंत नोंद सोडत नाहीत.

किती दिवस ठेवायचं

उबंटूवर /ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉग ही फाइल दर आठवड्याला लॉग बदलते आणि चार जुन्या प्रती ठेवते. म्हणजे हातात साधारण महिनाभराच्या नोंदी. भारतातल्या संस्थांसाठी हे पुरेसं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांना सगळ्या प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पुण्यातली छोटी सॉफ्टवेअर कंपनीही यात येते. तेव्हा रोटेटची फाइल जशी आली तशी सोडू नका.

दुसरं, ही मूळ फाइल तुमच्या हिशोब.लॉगला किंवा रिमोट डिरेक्टरीला हातही लावत नाही. त्यांच्यासाठी /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये स्वतःची फाइल करा. त्यात डेली, रोटेट १८०, कॉम्प्रेस, मिसिंगओके, नॉटिफएम्प्टी, आणि पोस्टरोटेटमध्ये /यूएसआर/लिब/आरसिसलॉग/आरसिसलॉग-रोटेट. हा पोस्टरोटेटचा भाग अत्यावश्यक आहे. का ते पुढे येईलच. 'सुडो लॉगरोटेट -डी' आणि पुढे फाइलीचं नाव दिलं की प्रत्यक्ष काही न बदलता काय होईल ते दिसतं.

नोंद हरवली, कुठे शोधायची

आता वाट पाठ आहे, तर तिच्यावरून चालत जाऊ. आधी एक ओळखू येणारी नोंद सोडा:

लॉगर -पी लोकल३.नोटिस -टी शोध "नोंद क्रमांक १"
जर्नलसीटीएल -टी शोध -एन ५

जर्नलमध्येच नाही? मग आरसिसलॉगच्या फाइलींशी खेळू नका, अडचण त्याच्या आधी आहे. 'एलएस -एल /डेव्ह/लॉग' करून पाहा. ती /रन/सिस्टिमडी/जर्नल/डेव्ह-लॉग कडे जाणारी लिंक असायला हवी. तुम्ही डॉकर कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्रॅम बाकी मशीनपासून वेगळा ठेवून चालवण्याच्या डब्याच्या, आत असाल तर /डेव्ह/लॉग बहुधा नसतेच. तिथे प्रोग्रॅमने स्क्रीनवर छापायचं आणि डॉकरने ते टिपायचं अशी रीत आहे. जाता जाता सांगतो, डॉकरची मूळ जेसन-फाइल पद्धत आकाराची कुठलीच मर्यादा घालत नाही. /व्हार/लिब/डॉकर का फुगलं याचं उत्तर पुष्कळदा तिथेच मिळतं.

कधी जर्नलमध्ये नोंदी आहेत पण तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच असतं. साध्या युजरला फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात. 'सुडो'ने पाहा, किंवा स्वतःला एडीएम गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. गट बदलल्यावर पुन्हा लॉगिन केलं नाही तर काहीच फरक पडलेला दिसत नाही.

जर्नलमध्ये आहे, फाइलीत नाही? मग मधला दुवा किंवा आरसिसलॉग. 'जर्नलसीटीएल -यू आरसिसलॉग -एन ५०' वाचा. सेवा हिरवी दिसते म्हणून पुढे जाऊ नका, मजकूर वाचा. त्यात 'ओएमफाइल' आणि 'सस्पेंडेड' हे शब्द दिसले तर आरसिसलॉगला ती फाइल लिहिता येत नाही. कारणं बहुधा तीनच असतात. एक, हक्क: फाइल रूटच्या मालकीची झाली आहे आणि आरसिसलॉग सिसलॉग युजरने चालतो. हाताने 'टच' करून फाइल तयार केली की असंच होतं. दोन, डिस्क भरलेली. तीन, अ‍ॅपआर्मर किंवा एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमने कुठे हात लावायचा ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा. नव्या उबंटूवर आरसिसलॉगला अ‍ॅपआर्मरचं कुंपण आहे. तुम्ही लॉग /व्हार/लॉग च्या बाहेर, समजा /डेटा/लॉग मध्ये टाकायला गेलात तर डिरेक्टरीचे हक्क बरोबर असूनही लिहिता येणार नाही. 'सुडो जर्नलसीटीएल -के' च्या मजकुरात कॅपिटल अक्षरांत 'डिनाइड' शोधा. रेड हॅटवर तेच काम एसईलिनक्स करतो. तिथे वेगळ्या डिरेक्टरीला व्हार_लॉग_टी हे लेबल आणि वेगळ्या पोर्टला 'सेमॅनेज पोर्ट'ची परवानगी द्यावी लागते. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा उपाय नाही, कुणी कितीही सुचवला तरी.

मजकुरात काहीच तक्रार नसेल तर दुवा पाहा. जर्नलडीच्या कॉन्फ फाइलींत 'फॉरवर्डटूसिसलॉग=येस' (एफ, टी आणि सिसलॉगचा पहिला एस कॅपिटल) आहे ना? उबंटूवर ते आधीच लावलेलं असतं, पण कुणीतरी /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ.डी मध्ये 'नो' टाकलेलं सापडतं.

डिस्क भरल्याची एक खास तऱ्हा आहे. 'डीएफ -एच' म्हणतं डिस्क १०० टक्के, पण 'डीयू'ने /व्हार/लॉग मोजलं तर तेवढं भरत नाही. कुणीतरी मोठी लॉग फाइल 'आरएम'ने काढून टाकली, पण आरसिसलॉगने ती उघडीच धरून ठेवली आहे. नाव गेलं, पण जागा मोकळी झाली नाही. 'सुडो एलएसओएफ +एल१', यातला शेवटचा एल कॅपिटल, अशा फाइली दाखवते. उपाय सोपा:

सुडो सिस्टिमसीटीएल किल -एस एचयूपी आरसिसलॉग

एस लहान, एचयूपी कॅपिटल. या संकेताने आरसिसलॉग फाइली बंद करून पुन्हा उघडतो. पोस्टरोटेटमध्ये हेच घडतं, म्हणून तो भाग गाळायचा नाही. तो नसेल तर रोटेटनंतर नोंदी जुन्या, नाव बदललेल्या फाइलीत जात राहतात आणि नवी फाइल शून्य बाइटची दिसते. यापुढे मोठी लॉग फाइल रिकामी करायची झाली तर आरएमऐवजी 'ट्रंकेट -एस ०' वापरा. आणि 'डीएफ -एच' ठीक दिसूनही 'जागा नाही' अशी तक्रार असेल तर 'डीएफ -आय' पाहा. लहान लहान लाखो फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीच्या माहितीसाठी राखलेल्या जागा, संपवलेले असतात.

मधल्याच काही नोंदी गायब असतील तर जर्नलमध्ये 'सप्रेस्ड' शब्द शोधा. एखादी सेवा ३० सेकंदांत साधारण १० हजारांहून जास्त नोंदी ओकायला लागली की जर्नलडी पुढच्या टाकून देतो आणि किती टाकल्या ते लिहून ठेवतो. मर्यादा वाढवता येते, पण आधी त्या सेवेला एवढं काय सांगायचं आहे ते पाहा. बहुतेक वेळा कुणीतरी डीबग चालू करून विसरलेलं असतं.

दुसऱ्या मशीनच्या नोंदी येत नसतील तर सर्व्हरवर दोन खिडक्या उघडा. एकीत 'सुडो एसएस -एलएनटीयूपी' चालवून आरसिसलॉग ५१४ वर खरोखर ऐकतो आहे का ते पाहा. दुसरीत:

सुडो टीसीपीडंप -एनआय एनी -ए पोर्ट ५१४

'-ए' मधलं अक्षर कॅपिटल. त्याने पॅकेटमधला मजकूर दिसतो. आता पाठवणाऱ्या मशीनवरून लॉगर चालवा. पॅकेट आलं नाही तर दोष पाठवणाऱ्याकडे किंवा वाटेतल्या दुसऱ्या फायरवॉलमध्ये. पॅकेट येतं पण जोडणी होत नाही, तर तुमचाच यूएफडब्ल्यू. मजकूर दिसतो पण फाइल नाही, तर नियम किंवा हक्क; सुरुवातीचा <१५७> सारखा आकडा वाचून पत्ता आपल्याला वाटतो तोच आहे ना ते मोजा. लोकल३ विभाग १९ वा, १९ × ८ + ५ = १५७, म्हणजे नोटिस.

आणि वेळ. दोन मशीनच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर एक बरोबर साडेपाच तास मागे दिसली तर तिचं घड्याळ बिघडलेलं नाही, ती यूटीसीमध्ये लिहिते आहे. क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीवरच येतात. 'टाइमडेटसीटीएल' चालवून टाइमझोन आणि 'सिंक्रोनाइज्ड: येस' या दोन्ही ओळी पाहा. टाइमझोन बदलायचा तर 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता', यात ए आणि के कॅपिटल. मात्र आधीपासून चालू असलेल्या सेवा जुन्याच झोनमध्ये लिहीत राहतात, म्हणून आरसिसलॉग आणि क्रॉन दोन्ही रीस्टार्ट करा. फरक काही मिनिटांचा असेल तर ते खरोखर घड्याळ सरकल्याचं लक्षण, घड्याळ जुळवत राहणारी क्रोनी ही सेवा बसवा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. मशीन वेगवेगळ्या देशांत असतील तर सगळी यूटीसीवर ठेवणं मला जास्त पटतं; आपल्या वेळेत वाचायचं असेल तेव्हा जर्नलसीटीएल चालवताना आधी 'टीझेड=एशिया/कोलकाता' लिहिलं की, टीझेड कॅपिटलमध्ये, तेवढ्यापुरतं भाषांतर होतं आणि साठवलेली नोंद तशीच राहते.